लाईन ठीक होती

— नाही नाही, असं नका लिहू हृषीकेशजी. थांबा. पेन ठेवा आधी खाली, आणि बसा, तुम्ही असे उभे राहिलात की मला उगाच कोणी साहेब तपासणीला आल्यासारखं वाटतं. बैठिए. हां. 'लाईन ठीक, यंत्र घरातून बंद केले' — हे काय कारण झालं? तिकडचे लोक हे वाचून काय म्हणतील? म्हणतील, बघा, ही जाई खोटं बोलत होती, स्वतःच बंद करून गावभर हिंडत होती. अकरा दिवस, रोज संध्याकाळी! आणि तिला उद्यापर्यंत कागद द्यायचाय तिच्या कंपनीला, तुमच्या नेट कंपनीच्या शिक्क्याचा, की झाशीत ज्या घरी मी उतरले होते तिथलं नेट या या दिवशी खरोखरच गेलं होतं, यात माझी काही चूक नाही. कागद गेला नाही तर पुढच्या महिन्यापासून काम बंद. म्हणून म्हणतो, एक ओळ फक्त बदलायची. 'लाईनमध्ये बिघाड.' संपलं. तुमचं काय जातं? — मी मराठीतच बोलतोय, समजतं ना तुम्हाला? समजतं, मघाशी हसलात तेव्हाच कळलं. आडनाव टिकेकर आणि बोलणं हिंदी, चालायचंच, शहरातल्या जुन्या घरांत सगळ्यांचं तसंच झालंय. तुम्हाला तर सहा-सात पिढ्या झाल्या इथे, आम्ही नोकरीपायी आलेले चाळीस वर्षांत अर्धे हिंदी झालो. तुम्ही नुसतं ऐका. बोलू नका काही. मला ऐकणारा पुरतो.

जाई कोण, ते सांगायलाच हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल नातेवाईक आहे. नातं काही नाही. सांगलीची मुलगी, तिशीची असेल, आणि राहते गाडीत. हो, गाडीत! एक जुनी व्हॅन आहे, पूर्वी शाळेची मुलं ने-आण करायची म्हणे, तिच्यात पलंग, शेगडी, टेबल, सगळं बसवलंय. दीड वर्ष झालं, आज या गावी, उद्या त्या. आणि नोकरी चालू आहे बरं का, रोजची, घड्याळ लावून. परदेशात कोणी बोलत असतं, एखादा वर्ग असतो, सभा असते, आणि ही इथे बसून ते ऐकते आणि तिथल्या तिथे टाईप करते, म्हणजे तिकडे ज्यांना ऐकू येत नाही त्यांना समोर पडद्यावर वाचता येतं. मग नेट पाहिजेच की! तिच्या छतावर अँटेना, दोन कंपन्यांची दोन सिमं, वर एक डोंगल, तरी बिचारी नेटच्या मागे वणवण फिरायची. चिरगाँवला एका ढाब्यावर दोन दिवस काढले, तर रात्री ट्रकवाले जेवायला टेकले आणि रील बघायला लागले की तिचं सगळं ठप्प. मऊरानीपूरला धान्याच्या बाजाराजवळ सकाळी उत्तम, संध्याकाळी नाही. ओरछ्याला नदीकाठी गाडी लावली, देखावा काय विचारू नका, आणि नेट पुलापलीकडे गेलं तर मिळणार. शेवटी फोन हातात वर धरून झाशीतल्या आमच्या या ओरछा गेटबाहेरच्या गल्ल्यांतून चालत होती ती, एक एक घर मोजत, आणि गेटवर पाटी दिसली — उकिडवे. म्हणाली, काका, हे आडनाव इथे कसं? झालं. आमची ही धावत बाहेर आली, ही म्हणजे अनुसूया, तुम्हाला गेट उघडलं तिने, आणि पंधरा मिनिटांत जाई आत बसून थालीपीठ खात होती.

तिने आधी काय केलं असेल सांगा? नेट मोजलं. मला शिकवलं पण. म्हणाली, काका, खाली येणारं सगळेच बघतात, सिनेमा बघायला तेवढं पुरतं, मला वर जाणारं लागतं, माझ्याकडून निघून तिकडे पोचणारं. मग त्या तुमच्या नेटच्या पांढऱ्या डब्यापाशी तासभर बसली, दर पाच मिनिटांनी आकडे लिहीत, आणि म्हणाली, इतकं स्थिर नेट मला दीड वर्षात कुठे मिळालं नाही. स्थिर. हाच शब्द. मग खिडकीतून पिवळी लांब वायर काढली, पेरूच्या झाडाखाली गाडी लावली, आणि राहिली सव्वा महिना. मी पैशाचं नाव काढू दिलं नाही. म्हटलं, मराठी बोल आमच्याशी, तेवढं बास.

तर सांगत काय होतो — बिघाड. माकडं आहेत हो आमच्याकडे! तुम्हाला काय सांगायचं, तुम्हीच खांबावर चढता. तुमच्या वायरींना लोंबकळतात, ओढतात, दातांनी — काय? वायर धड आहे. बघून आलात. बरं, वायर धड आहे. मग लाईट गेली असेल. ऑगस्टमध्ये इथे लाईटचं काय सांगावं, आत्ता आहे, आत्ता — हो. इन्व्हर्टर आहे. माझ्याच हाताने बसवलाय, डबा त्याच्यावरच आहे, चार तास ओढतो. आणि शेजारी खरेसाहेबांचा डबा चालू होता, एकाच खांबावरून येतो, बरोबर. म्हणजे तुमचा हा डबा बंद पडताना जाता जाता तुमच्या ऑफिसला कळवून जातो? की माझी वायर तुटलेली नाही, माझी वीज कोणी काढली? कमाल आहे. छत्तीस वर्षं सरकारी कारखान्यात इंजिनिअर होतो, सगळी यंत्रं फिरवली हातांनी, आणि हे मला माहीत नव्हतं की हा एवढासा डबा चहाडी करतो. सात वाजून दोन मिनिटं. सहा एकोणसाठ. सात वाजून एक. दिसतंय मला, यादीवर बोट नका ठेवू, चष्मा आहे डोळ्यांवर. एवढ्या नेमाने लाईट जात नाही झाशीत. मान्य.

मग आता सांगतो. पण हे तुमच्या कागदासाठी नाही, नुसतं सांगतो.

आमचं मराठी मंडळ आहे ना — तुम्ही येत नाही, तुमचे वडील यायचे, लेझीम खेळायचे छान — तर त्या मंडळात गणपतीत नाटक व्हायचं. माझं नाटक. म्हणजे मीच लिहिलेलं, सत्तावीस वर्षांपूर्वी, एक थोरली सून रागावून घर सोडते आणि बारा वर्षांनी परत येते, दीड तासाचं आहे. हसू नका. लोक रडायचे. ती सून अनुसूया करायची. आणि पाठांतर असं, की स्वतःचं तर सोडाच, सगळ्यांचं पाठ. प्रॉम्प्टर कधी लागलाच नाही आम्हाला. कोणी अडलं की ही विंगेतून शब्द टाकायची, हातात कागद नाही, काही नाही. मग वय झालं, आणि नवीन मुली मिळेनात. मिळतात, पण तोंडात मराठी नाही, 'मैं आती हूँ' सारखं 'मी येती हूँ' म्हणतात, कसं करायचं नाटक? नऊ वर्षं पडदा उघडला नाही. आणि अशात ही जाई! सांगलीचं खणखणीत मराठी! म्हटलं, बाई, देवाने पाठवली. तिलाही हौस होती, हो म्हणाली. तालीम आमच्या याच खोलीत, सातला. बाकीचे कामावरून सातलाच येतात, आठला जातात, दुसरी वेळ जमतच नाही. दोन दिवस झाले तालमीचे आणि तिची वेळ बदलली. म्हणाली, काका, सॉरी, आता माझा वर्ग सात ते आठ आहे, मी उरलेल्या वेळात पाठ करीन, तुमच्याशी सकाळी म्हणून बघीन. आता सकाळी एकटीने म्हणून नाटक उभं राहतं का? समोर माणसं नकोत?

आणि मग, हे खरं सांगतो, पहिल्या दिवशी मी काही केलं नाही. पहिल्या दिवशी अनुसूयाच होती. तिची ती जुनी सवय, क्वार्टरमध्ये राहिल्यापासूनची, दिवा लावला की रिकाम्या खोलीतली सगळी बटणं पटापट बंद करायची, वीज वाया नको. बोर्डावरून एक हात फिरला की चारही बंद. त्यातच डब्याचं बटण. झालं! जाई धावत आली, काका, नेट गेलं, नेट गेलं — अनुसूयाने जीभ चावली, लगेच चालू केलं, पण तुमच्या डब्याला पुन्हा उठून बसायला पाच-सात मिनिटं लागतात आणि तोवर तिकडे तिच्या जागी दुसऱ्या कोणाला बसवलं, त्यांचा नियमच आहे तसा. तर ही रिकामी झाली तासभर. बसली रडवेली होऊन. आणि मंडळी आलेलीच होती, म्हटलं, बस, एक प्रवेश वाच, मन रमेल. वाचला हो तिने. काय वाचला! उंबरठ्यावरचं ते बोलणं, सून म्हणते ना, मला आत घ्या म्हणायला आले नाही. सत्तावीस वर्षांपूर्वीचे माझे शब्द, मी विसरलो होतो ते इतके चांगले आहेत.

दुसऱ्या दिवशी सातला मी या खुर्चीवर बसलो होतो. इथेच. बोर्ड तिथे, हाताच्या अंतरावर.

एक दिवसच करायचं होतं. खरंच. मग म्हटलं, दुसरा अंक एकदा होऊ दे. मग सलग नाही केलं, एक दिवस सोडून, दोन दिवस सोडून, म्हणजे संशय नको. इतकी अक्कल होती बघा! आणि ती आली की मी काय म्हणायचो? अगं, इथे असंच आहे, झाशी आहे ही, ये, तोवर एक प्रवेश करू. तोवर! तिकडे कोणीतरी वर्गात बसलंय, मास्तर बोलतोय, ओठ हलताहेत आणि दुसरं कोणी बसेपर्यंत समोरचा पडदा कोरा. हे मला तेव्हा कळलं नाही हो, नंतर — नाही. खोटं कशाला बोलू. माहीत होतं. पहिल्याच दिवशी थालीपीठ खाताना सांगितलं होतं तिने. मी त्या वेळी वा वा म्हटलं होतं, केवढं पुण्याचं काम म्हटलं होतं. मला लाज वाटते हृषीकेशजी. तुमच्याकडे बघून बोलता येत नाहीये, म्हणून त्या डब्याकडे बघतोय.

नाटक झालं. गणपतीत, पाचव्या दिवशी. टाळ्या, शाल, नारळ, अध्यक्ष म्हणाले, उकिडव्यांनी नऊ वर्षांनी पडदा उघडला. ती शाल कपाटात आहे, मी घेतलेली नाही अंगावर. आणि आता तिला नोटीस. अशा लोकांचा भरवसा नाही म्हणे, रस्त्यावर राहणाऱ्यांचा, कागद आणा. ग्वाल्हेरच्या पुढे कुठल्याशा पेट्रोलपंपावर गाडी लावून बसलीये, तिथून मला मेसेज, काका, तुम्हीच साक्षीदार आहात, तेवढी तक्रार नोंदवून माणूस बोलवा. मला! माझ्यावर केवढा विश्वास.

तरी ही झाली जाईची गोष्ट. ती एकटीच असती तर मी — कुणास ठाऊक. कदाचित लिहू दिलं असतं तुम्हाला. पण एक आहे मध्ये. तिसऱ्या की चौथ्या दिवशी जाईने सरळ विचारलं. काका, डब्यावरचे दिवेच गेलेले असतात, म्हणजे बटण बंद होतंय, कोण करतं? आणि मी म्हणालो — किती हळू म्हणालो, प्रेमाने — अगं, काकूंची सवय आहे, पहिल्या दिवशी नाही का. बोलू नकोस तिला काही, तिला वाईट वाटेल. बोलली नाही जाई. गुणी मुलगी. बटणावर एक चिठ्ठी चिकटवली, फूल काढून, 'काकू, मला सोडा'. अनुसूया ती वाचून हसली. म्हणाली, मी कुठे लावते हात आता? पण त्या दिवशी पुन्हा बंद. मग हसली नाही. मला विचारते, अहो, मी केलं का? मी म्हणालो —

म्हणालो, तुझ्या लक्षात नसेल.

चार शब्द सुद्धा नाहीत पुरते. काय मोठंसं, असं वाटतं ना? त्यानंतर ती दिवा लावला की हात पदरात गुंडाळून जायची या खोलीतून. मी बघायचो. तालमीत कोणी अडलं की स्वयंपाकघरातून शब्द यायचा तिचा, तो बंद झाला. मी म्हटलं, अगं, सांग की, सगळं पाठ आहे तुला. तर म्हणे, नको, चुकीचं सांगीन. नाटकाच्या दिवशी विंगेत बसली ती वही घेऊन, बोटाने एक एक ओळ धरून, आयुष्यात पहिल्यांदा. शेगडी बंद केली का बघायला आता तीन-तीनदा उठते. औषधाच्या डब्या मला मोजायला लावते. आणि गेल्या आठवड्यात स्वतःच म्हणाली, माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं, मला दाखवा कोणाला तरी. उद्या सकाळी ग्वाल्हेरला डॉक्टर आहे, डोक्याचा. नंबर मीच लावलाय. मीच! फोनवर त्यांनी विचारलं, विसरायला कधीपासून लागल्या, आणि मी तारीख सांगितली त्यांना. उत्तर होतं माझ्याकडे.

आता कळलं ना, का म्हणतोय? तुम्ही लिहा 'बिघाड'. खांबावर, गटारात, कुठेही दाखवा. मी कागद तिला दाखवतो, म्हणतो, हे बघ अनू, लाईनच खराब होती, तू काही केलं नाहीस, उगाच जीव खाल्लास, चल, डॉक्टर-बिक्टर काही नको. जाईची नोकरी वाचते. हिला आपलं डोकं परत मिळतं. आणि मी — हो, माझंही झाकलं जातं, त्यात वाईट काय, माझं वय अडुसष्ट आहे, या गावात नाव आहे माझं, कारखान्यात ड्युटीवर झोपलेल्यांना मी सस्पेंड केलेलं आहे. एका ओळीत तिघांचं भलं होतंय हो! तुमच्या घरी नाही का कोणी म्हातारं माणूस? तुम्ही टिकेकर, आपलेच. हात जोडतो पाहिजे तर.

काय?

नाही, समजलं नाही. यादी? ही, वेळांची? ही तर तुमच्या हातातच आहे. — दुसरी प्रत. कोणाला दिली? गेटवर? तिने मागितली? कशी मागितली, म्हणजे काय म्हणाली नेमकं? हिंदीत सांगा, चालेल. 'भैया, मशीन में लिखा रहता है क्या, किस दिन कितने बजे बंद हुआ.' हां. आणि तुम्ही दिली. घरच्याच आहेत म्हणून. बरोबर आहे, तुमची काय चूक. चष्मा होता तिच्या डोळ्यांवर? तिथेच उभ्याने वाचली? सगळी? बोटाने — एक एक ओळ. आणि मग? एका तारखेवर थांबली. कोणत्या? बघू. दाखवा इकडे.

चौदा. चौदा तारीख, सात वाजून एक मिनिट.

चौदाला ती घरी नव्हती. मऊरानीपूरला भाचीचं डोहाळजेवण होतं, मीच बसमध्ये बसवून दिलं सकाळी, पंधराला दुपारी आली. चौदाला घरात मी, आणि बाहेर गाडीत जाई. मी विसरलो. बघा, मी विसरलो ते. आणि मग काही बोलली? तुम्हाला विचारलं असेल ना काही, माझ्याबद्दल — नाही? नुसतं 'अच्छा' म्हणाली. आणि घडी घालून ठेवली. आणि तुम्हाला आत पाठवलं, माझ्याकडे, की साहेब बसलेत, ते सांगतील सगळं. असं म्हणाली? ते सांगतील.

अनू?

...

आहे घरात. बांगड्या वाजल्या आत्ता. मघापासून आहे म्हणजे.

लिहा तुम्ही. नाही, ते खोडा. 'घरातून' नका लिहू, घरात दोन माणसं आहेत. 'घरमालकाने मुद्दाम बंद केले, राहायला आलेल्या बाईंचा दोष नाही.' मुद्दाम लिहा. इंग्रजीत लिहायचंय? मग मी सांगतो तसं लिहा, मला मसुदे येतात, आयुष्यभर तेच केलं. अकराही तारखा घाला. नाही — दहा. पहिली सोडा, पहिली चुकून झाली होती, ती वेगळी लिहा, अनूच्या बाजूने वेगळी लिहा. खाली नाव, रमाकांत उकिडवे. आणा, सही करतो. जाईला तुमच्याच फोनवरून पाठवा आत्ता, माझ्याकडून नको. आणि याचीही एक प्रत ठेवून जा इथे टेबलावर, अनूसाठी.

झालं ना तुमचं? मग उठा. नाही, आत जाऊन सांगू नका तिला काही. गेट नुसतं लोटून घ्या. जा हृषीकेशजी. जा म्हणतो ना.